पुस्तकांच्या दुकानांतील उमेदवारी

दहावीची परीक्षा संपली म्हणजे घरोघर एक चमत्कारिक शांतता पसरते. वर्षभर पहाटे उठविलेला मुलगा आतां आठ वाजले तरी अंथरुण सोडीत नाहीं, आणि 'असूं द्या, दमला आहे बिचारा,' असें म्हणून आईबाप पहिले आठ दिवस काढतात. नवव्या दिवशीं मात्र त्यांस काळजी वाटूं लागते. अकरावीचे वर्ग सुरू होण्यास दोन-अडीच महिन्यांचा अवकाश. तोंवर ह्या मुलानें करावें काय? मग कोणी पुढील वर्षाची शिकवणी लावतो, कोणी त्याला मामाच्या गांवीं धाडतो, आणि बहुतेक ठिकाणीं मुलगा व मोबाइल यांची जोडी फोडण्याचा नाद सर्वच सोडून देतात. ह्या दोन महिन्यांचा एक उपयोग आम्हांस सुचतो. तो आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढें मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. ज्यांना ज्यांना शक्य असेल त्या मुलांनीं व मुलींनीं हा काळ एखाद्या पुस्तकांच्या दुकानांत उमेदवार म्हणून घालवावा, असें आमचें मत आहे.

हें वाचतांच कित्येक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. 'एवढें शिकविलें तें काय दुकानांत पुड्या बांधण्यासाठीं?' हा प्रश्न आम्हांस आमच्याच घरीं विचारण्यांत आला होता. आम्ही शाळेंतून बाहेर पडलों त्या वर्षीं, व पुढील वर्षीं पुन्हां, अशा दोन सुट्या नाशकांतील एका लहानशा पुस्तकांच्या दुकानांत काढल्या. तेव्हां येथें जें लिहिणार आहों, त्यांतील बरेंचसें पुस्तकांवरील धूळ झाडतां झाडतां शिकलेलें आहे.

उमेदवारी हा शब्द आपल्या भाषेंत जुना आहे, आणि त्यामागील चालहि जुनी आहे. कचेरींत, छापखान्यांत, पेढीवर मनुष्य प्रथम उमेदवार म्हणून शिरे, वडीलधाऱ्यांच्या हाताखालीं राबे, आणि काम अंगवळणीं पडलें म्हणजे मग स्वतंत्र होई. मराठी मुद्रणाचा पाया ज्यांनीं घातला त्यांचीं चरित्रें पाहावीं. गणपत कृष्णाजी यांनीं मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांतील काम डोळे उघडे ठेवून पाहिलें, तें स्वतः करून पाहिलें, आणि १८३१ सालीं छापील मराठी पंचांग लोकांच्या हातीं दिलें. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी हे लहान वयांतच त्याच मिशनच्या छापखान्यांत महिना दोन रुपयांवर खिळे घासण्याच्या कामास लागले होते. पुढें १८६४ सालीं त्यांनीं खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला, १८६९ सालीं छापखाना काढला, आणि निर्णयसागरची छपाई म्हणजे शुद्ध छपाई अशी ख्याति देशभर झाली. ज्याचीं बोटें लहानपणीं खिळ्यांवर झिजलीं, त्याला खिळ्याची पारख कोणत्या पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

परदेशांतील उदाहरण पाहावयाचें तर मायकेल फॅरडे याचें आहे. हा लोहाराचा मुलगा. १८०५ सालीं, चौदा वर्षांचा असतांना, तो लंडनमध्यें जॉर्ज रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे सात वर्षांच्या करारानें उमेदवार राहिला. पुस्तकें बांधावयाचीं हें त्याचें काम. परंतु बांधावयास आलेलें पुस्तक उघडून पाहण्यास धन्याची मनाई नव्हती. त्यांतच त्याला विश्वकोशांतील विजेवरील लेख सांपडला. दुकानांत येणाऱ्या एका गिऱ्हाइकानें त्याला हंफ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें त्या व्याख्यानांचीं टिपणें सुवाच्य अक्षरांत लिहून काढलीं, स्वतःच्या हातांनीं बांधलीं, व डेव्हींकडे धाडलीं. आणि १८१३ सालीं रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें त्याचा प्रवेश झाला. दुकानांत बसणारा प्रत्येक मुलगा फॅरडे होईल असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. परंतु पुस्तक, तें वाचणारीं माणसें आणि नीटनेटकें काम करण्याची संवय, ह्या तिन्ही गोष्टी त्याला एकाच छपराखालीं मिळाल्या, एवढें ध्यानांत घ्यावें.

आतां दुकानांत शिकावयाचें तरी काय? प्रथम शिकावयाची ती मोजदाद. आम्हांस पहिल्या दिवशीं मालकांनीं एक वही व एक पेन्सिल दिली, आणि एका कपाटाकडे बोट दाखवून, 'ह्यांत काय आहे तें लिहून काढा,' असें सांगितलें. आम्हांस वाटलें, अर्ध्या तासाचें काम. तीन दिवस लागले. एकाच ग्रंथाच्या दोन आवृत्त्या निघाल्या, त्यांच्या किंमती निराळ्या. एका पुस्तकाच्या प्रती दोन कप्प्यांत विभागलेल्या. एकाचें वेष्टण दुसऱ्याला घातलेलें. तळाच्या फळीवरील चार पुस्तकांना कसर लागलेली. पावसाळ्यांत नाशकास भिंतींना ओल येते, म्हणून पुस्तकें भिंतीला टेकवून ठेवावयाचीं नाहींत, मागें हात जाईल एवढी जागा सोडावयाची, हेंहि तेव्हांच कळलें. पुस्तकाच्या पाठीवरील तेरा आंकड्यांचा ग्रंथक्रमांक आम्हीं तोंवर हजार वेळां पाहिला असेल; त्याचा अर्थ तेथें समजला. २००७ सालापासून हा क्रमांक तेरा आंकडी झाला आहे. पहिल्या आंकड्यापासून आरंभ करून आंकडे आळीपाळीनें एकानें व तीनानें गुणावे, आणि सर्वांची बेरीज करावी. ती दहानें निःशेष भागली गेली नाहीं तर कोठें तरी आंकडा चुकला आहे, असें खुशाल समजावें. विद्यार्थ्यांनीं घरींच एखादें पुस्तक घेऊन हा ताळा करून पाहावा.

यादी करणें हें काम क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांस आमच्याच गांवची एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या शरणपूर वसाहतीची स्थापना चर्च मिशनरी सोसायटीनें १८५४ सालीं केली. गुलामांच्या जहाजांवरून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथें लिहिणेंवाचणें व हातचे धंदे शिकवीत. त्यांपैकींच जेकब वेनराइट हा एक. १८७३ सालीं आफ्रिकेच्या अंतर्भागांत प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचा अंत झाला, तेव्हां त्यांच्या सोबत्यांनीं पेट्या उघडल्या आणि आंतील प्रत्येक वस्तूची यादी करण्याचें काम वेनराइटवर सोंपविलें. कारण शाईनें नीट लिहिणारा तो होता. त्या विश्वासू मंडळींनीं लिव्हिंग्स्टन यांचा देह, कागदपत्र व सामान समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोंचविलें, आणि १८७४ सालीं वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांचें दफन झालें, त्या वेळीं वेनराइट तेथें हजर होता. दुसऱ्याच्या मालाची चोख यादी करणें ही विश्वासाची पहिली पायरी आहे, आणि आमच्या शरणपुरांत शिकलेल्या मुलानें ती दीडशें वर्षांपूर्वीं दाखवून दिली.

दुसरी शिकावयाची गोष्ट म्हणजे हिशेब. शाळेंत आपण नफातोट्याचीं उदाहरणें सोडवितों. त्यांत व्यापारी माल घेतो, विकतो, आणि शेवटीं उत्तर येतें. दुकानांत उत्तर इतक्या लवकर येत नाहीं. समजा, दोनशें रुपये किंमतीच्या एका पुस्तकावर प्रकाशकानें दुकानदारास शेंकडा तीस सूट दिली. म्हणजे एक प्रत एकशें चाळीस रुपयांस पडली. दुकानदारानें दहा प्रती घेतल्या व चौदाशें रुपये भरले. गिऱ्हाइकास तो शेंकडा दहा सूट देतो, म्हणजे एकशें ऐशीं रुपयांस विकतो. सात प्रती विकल्या, बाराशें साठ रुपये आले. अद्यापि घातलेलें भांडवलहि परत आलेलें नाहीं. आठवी विकली तेव्हां चौदाशें चाळीस झाले, म्हणजे कसेबसे चाळीस रुपये वर. खरी कमाई काय ती शेवटच्या दोन प्रतींत आहे. आणि त्याच दोन प्रती फळीवर पडून राहिल्या, तर जागेचें भाडें, विजेचें बिल व नोकराचा पगार कोठून द्यावयाचा? दहाच्या दहा प्रती चार महिन्यांत विकून पुन्हां दहा आणल्या, तर वर्षांत त्याच चौदाशें रुपयांवर तीन वेळां चारशें मिळतात. वर्षभर रेंगाळल्या तर एकदांच. 'माल किती आहे' यापेक्षां 'माल किती फिरतो' हा प्रश्न महत्त्वाचा, हें सूत्र आम्हांस वाणिज्याच्या पुस्तकांत पुढें वाचावयास मिळालें. परंतु तें समजलें तें धूळ बसलेल्या त्या दोन प्रती हातांत घेऊनच.

आमच्या शाळेंतील मुलांना शुभवर्तमानांतील तो दृष्टान्त ठाऊक आहे: धनी परदेशीं जातांना चाकरांच्या हातीं द्रव्य देतो, दोघे तें व्यापारांत घालून वाढवितात, आणि तिसरा भिऊन जमिनींत पुरून ठेवतो. न खपणाऱ्या मालानें भरलेलीं कपाटें पाहिलीं म्हणजे आम्हांस त्या तिसऱ्या चाकराची आठवण होते. भांडवल जमिनींत पुरलें काय आणि वरच्या फळीवर पुरलें काय, सारखेंच.

परंतु ह्या सर्वांहून मोठी जी तिसरी शिकवण, ती आम्हांस स्वतःच्या चुकीनें मिळाली. ती लिहितांना आजहि संकोच वाटतो. तरी लपविली तर हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं. दुकानांत एका स्पर्धापरीक्षेच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या कांहीं प्रती शिल्लक होत्या. परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला होता, नवी आवृत्ति निघाली होती, आणि ह्या जुन्या प्रती परत घेण्याची मुदत टळून गेली होती. एके दिवशीं दुपारीं मालक जेवावयास गेले असतां पेठकडील एक गृहस्थ आले. पायांत झिजलेल्या वहाणा, हातांत घामानें ओलसर झालेली चिठी. मुलीनें पुस्तकाचें नांव लिहून दिलें होतें. नवी आवृत्ति दुकानांत नव्हती. आम्हीं जुनी काढून दिली, 'हेंच का?' असें त्यांनीं विचारलें, तेव्हां 'हेंच,' म्हणून सांगितलें. त्यांनीं नोटा दोनदां मोजून दिल्या. मालक परत आल्यावर, पडून राहिलेल्या मालापैकीं एक प्रत खपविल्याची बातमी आम्हीं मोठ्या फुशारकीनें त्यांस सांगितली.

ते रागावले नाहींत. त्यांनीं एवढेंच विचारलें, 'त्यांना सांगितलें होतेंस का, कीं ही जुनी आहे म्हणून?' आम्ही गप्प राहिलों. बिलावर त्या गृहस्थांचें नांव तेवढें होतें, पत्ता नव्हता. पुढें पंधरा दिवस पेठकडची एस. टी. येण्याच्या वेळेस आम्ही दुकानाच्या दारांत उभे राहूं लागलों. सोळाव्या दिवशीं ते गृहस्थ आपण होऊन आले. पुस्तक जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून जसेंच्या तसें आणलें होतें. 'मुलगी म्हणाली, ह्यांत बरेंच निराळें आहे,' एवढेंच ते बोलले; तक्रार केली नाहीं, आवाज चढविला नाहीं. मालकांनीं नवी आवृत्ति मागवून ठेवलीच होती. ती दिली, किंमतींतील फरक घेतला नाहीं, आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, 'एस. टी. चें जाण्यायेण्याचें भाडें तुझ्या पैशांतून.' आम्हीं तें दिलें. त्या मुलीचे पंधरा दिवस मात्र आम्हांस कोणत्याहि वहींतून भरून देतां आले नाहींत. नफा आणि कमाई हे दोन शब्द निराळे आहेत, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. आणि हा धडा कोणत्याहि वर्गांत, कितीहि गुणांचा प्रश्न घालून, इतक्या खोल उतरला असता असें आम्हांस वाटत नाहीं.

पुस्तकविक्रेता गिऱ्हाइकास कसा वागवितो, यावर त्याचें दुकान उभें राहतें किंवा बसतें. मुंबईच्या स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग यांच्याविषयीं अशी हकीकत सांगतात कीं, सेंट झेवियर महाविद्यालयांत शिकत असतांना एका दुकानांत पुस्तकें चाळण्यावरून त्यांचा अपमान झाला, आणि जेथें कोणालाहि मोकळेपणानें पुस्तक हातांत घेतां येईल असें दुकान काढावयाचें, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें. १८५० च्या सुमाराची नव्हे, ही गोष्ट १९४८ सालची आहे. कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमागृहाच्या आवारांत, साडेचारशें रुपयांच्या भांडवलावर त्यांनीं आरंभ केला. वीस टक्के सूट देण्याचा परिपाठ ठेवला, आणि त्या दुकानाची कीर्ति देशभर झाली. २००३ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. गिरगांवांत जुनीं पुस्तकें विकण्यापासून सुरुवात करून केशवराव कोठावळे यांनीं मॅजेस्टिक बुक स्टॉल उभा केला, पुढें प्रकाशन काढलें, आणि १९६४ सालीं 'ललित' मासिक सुरू केलें. ह्या दोघांपैकीं कोणीहि दुकानदारीची पदवी घेऊन आलेला नव्हता. वाचकाला काय हवें आहे, हें काउंटरच्या अलीकडे उभें राहून त्यांनीं पाहिलें, हीच त्यांची पदवी.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, पुस्तकांचीं दुकानें आतां राहिलीं आहेत कोठें? घरबसल्या मोबाइलवर बोट टेकविलें कीं पुस्तक दारांत येतें. आक्षेप खोटा नाहीं. ज्या स्ट्रँडचें कौतुक आम्हीं आतांच केलें, तें दुकान २०१८ सालीं बंद झालें. पुण्याच्या कॅम्पांतील मॅनीज हें नांवाजलेलें दुकान त्यापूर्वींच, २०१२ सालीं बंद झालें. तथापि वाचकच उरला नाहीं, असा यावरून निष्कर्ष काढणें उतावळेपणाचें होईल. आमच्या नाशकाचेंच पाहावें. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासून आहे. मराठी साहित्य संमेलन येथें १९४२, २००५ व २०२१ ह्या सालीं भरलें. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीनें विनायक रानडे यांनीं २००९ सालीं 'ग्रंथ तुमच्या दारीं' हा उपक्रम सुरू केला, आणि पुस्तकांच्या पेट्या नाशकाहून निघून परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत गेल्या. ओझरजवळ महामार्गावर भीमाबाई जोंधळे यांनीं आपल्या उपाहारगृहांत पुस्तकें मांडलीं. पानावर पदार्थ येईपर्यंत प्रवासी पुस्तक उघडतो. वाचक आहे, त्याच्यापर्यंत पुस्तक पोंचविणारा हुशार मध्यस्थ हवा. आणि समजा, उमेदवारी केलेला मुलगा पुढें पुस्तकांच्या धंद्यांत नाहीं गेला. म्हणून काय झालें? मालाची मोजदाद, खरेदीचा अंदाज, उधारीची मर्यादा, गिऱ्हाइकाशीं सचोटी, ह्या गोष्टी औषधांच्या दुकानांत, कृषिसेवा केंद्रांत, द्राक्षांच्या निर्यातींत आणि सातपूरच्या कारखान्याच्या भांडारांतहि त्याच आहेत.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. सुटी गेली तर पुढील वर्षाची तयारी केव्हां करावयाची? आमचें उत्तर असें कीं, दुकानांतील सहा आठवडे हीहि तयारीच आहे. ज्या मुलानें दररोज पन्नास निरनिराळ्या माणसांशीं नम्रपणें बोलून त्यांची गरज समजून घेतली, ज्यानें संध्याकाळीं गल्ल्यांतील रोकड, मोबाइलवरून जमा झालेली रक्कम व बिलांची बेरीज यांचा मेळ बसविला, आणि मेळ न बसल्यास घरीं जाण्यापूर्वीं चूक हुडकून काढली, त्याची एकाग्रता अकरावींत कमी पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. शासनालाहि हें पटलें आहे असें दिसतें. २०२० सालच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना गांवांतील कारागिरांच्या व जाणत्या माणसांच्या हाताखालीं काम पाहावें, अशी सूचना आहे. सातारच्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापून श्रम व शिक्षण यांची जी सांगड घातली, तिचेंच हें धाकटें भावंड.

तिसरा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो. शिक्षणाच्या नांवाखालीं दुकानदारास फुकट राबणारीं पोरें मिळतील, अशी भीति कित्येकांस वाटते, आणि ती रास्त आहे. यासाठीं कायदा काय म्हणतो तें पालकांनीं माहीत करून घ्यावें. १९८६ चा बालकामगारविषयक कायदा २०१६ सालीं दुरुस्त झाला. त्याप्रमाणें चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवतां येत नाहीं. स्वतःच्या कुटुंबाच्या, धोका नसलेल्या धंद्यांत शाळेची वेळ सोडून मदत करण्याची तेवढी मोकळीक आहे. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींस धोक्याच्या कामावर घेतां येत नाहीं. इतर ठिकाणीं विश्रांति धरून दिवसाचे सहा तासांहून अधिक काम देतां येत नाहीं, सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांति द्यावी लागते, आणि सायंकाळीं सातनंतर त्यांस कामावर ठेवतां येत नाहीं. हे नियम जो दुकानदार पाळणार नाहीं, त्याच्याकडे आपलें मूल पाठवूं नये. मोबदलाहि ठरवून घ्यावा. तो थोडा असला तरी चालेल, परंतु तो असावा; कारण श्रमाला दाम असतो हें मुलाला कळलें पाहिजे, आणि दुकानदारालाहि त्याचा विसर पडतां कामा नये.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. मुलाला दुकानांत पाठविण्यास तयार असलेले कित्येक पालक मुलीच्या बाबतींत माघार घेतात. हें आम्हांस अगदीं अमान्य आहे. हिशेबाची वही मुलगा व मुलगी असा भेद करीत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचा देह १९३६ सालीं ह्याच नाशकांत पडला. ज्यांना लहानपणीं शाळा मिळाली नाहीं, त्या लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रें' आज दुकानांत कोणी मागावीं, आणि तीं काढून देण्यास मात्र मुलीला मनाई असावी, हें आमच्या गांवाला शोभणारें नाहीं. दुकान माहितीचें असावें, वेळ दिवसाची असावी, आरंभीं आईबापांनीं स्वतः जाऊन पाहून यावें. एवढी काळजी मुलाच्या बाबतींतहि घ्यावयाचीच आहे.

शेवटीं, नुसता उपदेश करून थांबण्यापेक्षां दोन सूचना कराव्या असें वाटतें. पहिली शाळेस. मार्चपूर्वीं एखाद्या शिक्षकानें शहरांतील चारपांच पुस्तकविक्रेत्यांची गांठ घ्यावी, आणि प्रत्येक दुकानीं दोन विद्यार्थी सहा आठवड्यांकरितां घेण्याविषयीं बोलणें करावें. विद्यार्थ्यांनीं रोजनिशी लिहावी: आज काय विकलें, काय विकलें नाहीं, गिऱ्हाइकानें काय विचारलें आणि आपणांस काय सांगतां आलें नाहीं. अखेरीस दुकानदारानें चार ओळींचें प्रशस्तिपत्र द्यावें, व त्यांत गुणांबरोबर एक उणीवहि लिहावी. दुसरी सूचना अशी कीं, जूनमध्यें शाळा उघडते त्या आठवड्यांत पुस्तकें, वह्या व लेखनसाहित्य यांचें एक लहान भांडार नववीच्या मुलामुलींनीं शाळेंतच चालवावें. किती वह्या आणावयाच्या याचा अंदाज त्यांनींच करावा, चुकला तर कां चुकला हें त्यांनींच शोधावें, आणि उरलेला नफा वाचनालयास द्यावा. अंदाज पहिल्या वर्षीं हमखास चुकेल. चुकूं द्यावा, शंभर वह्यांनीं चुकलेला अंदाज पुढें आयुष्यांतील लाखाची चूक वांचवितो.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, आपला मुलगा सुटींत दुकानाच्या काउंटरवर उभा असलेला दिसला, तर ओळखीच्या माणसापुढें मान खालीं घालूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं जे हा प्रयोग करून पाहतील, त्यांनीं आपली हकीकत पुढील वर्षाच्या अंकासाठीं अवश्य लिहून द्यावी. तींत यशाच्या गोष्टी असाव्यातच. परंतु आमच्यासारखी एखादी चूक घडली असेल, तर ती वगळूं नये. वाचणाऱ्यास तिचाच अधिक उपयोग होईल.